बोलोन्याला गेलेला तान्हा पोळा

मी शाळांच्या भिंती रंगवते. जिल्हा परिषदेच्या शाळांत 'बोलक्या भिंती' म्हणतात त्या. मुळाक्षरं, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, 'पाणी वाचवा', आणि पाण्याच्या टाकीवर हमखास एक डॉल्फिन. यवतमाळ जिल्ह्यात डॉल्फिन कुणी पाहिला असं विचारायचं नसतं, मुख्याध्यापकांना तो हवा असतो. काम चौरस फुटाच्या भावानं मिळतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जोरात चालतं. बाबा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ते काम बसलं, पण ब्रशचा डबा घरात राहिला आणि तो माझ्या वाट्याला आला. माझं शिक्षण म्हणाल तर बारावी, शिवाय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा.

मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या नव्या लोकांना जगभर पुरस्कार देतात हे मला एका शाळेच्या वाचनकोपऱ्यात कळलं. पहिला हात वाळेपर्यंत दुपारी बसून असायचं, तेव्हा दोरीला टांगलेली पुस्तकं चाळायची सवय लागली होती. त्यातल्या एका पुस्तकाच्या मागच्या पानावर चित्रकाराची ओळख होती आणि त्यात 'बोलोन्याच्या प्रदर्शनात निवड' असं लिहिलेलं. म्हणजे इटलीतल्या बोलोन्या शहरात भरणारं, मुलांच्या पुस्तकांच्या चित्रकारांचं प्रदर्शन. सरांना विचारलं तर त्यांनी तिथंच मोबाइलवर शोधलं आणि म्हणाले, "ताई, हे तर कोणालेही भरता येते म्हणते. फी पण नाही."

हे खरं निघालं, पण बहुतेक ठिकाणी तसं नसतं. मग मी बाकीच्या पुरस्कारांचे नियमही शोधून वाचले, कारण एकीकडं मेहनत घालायची तर दुसरीकडंही तीच चित्रं चालतील का, हा माझा साधा हिशेब. नियम वाचताना कळलं की नव्या चित्रकारांसाठी म्हणून जे पुरस्कार आहेत त्यांतल्या बहुतेकांच्या दारात आधी छापलेलं पुस्तक मागतात. ब्रिटनमध्ये 2016 पासून क्लाउस फ्लुगे पुरस्कार देतात, रक्कम 5000 पौंड. पण तो तिथं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चित्रपुस्तकाला. अमेरिकेत एझ्रा जॅक कीट्सच्या नावाचा पुरस्कार आहे, लेखकांसाठी 1985 पासून आणि चित्रकारांसाठी 2001 पासून. तोही उमेदवारीच्या काळातल्यांसाठीच, पण पुस्तक निघालेलं हवं. हा कीट्स ब्रुकलिनमधल्या गरीब स्थलांतरित घरातला. 1962 साली त्यानं बर्फात खेळायला निघालेल्या एका कृष्णवर्णीय मुलाला पुस्तकाचा नायक केलं, आणि पुढच्या वर्षी त्याच पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डिकॉट पदक मिळालं. कॅल्डिकॉट तर अमेरिकेच्या नागरिकाला किंवा तिथल्या रहिवाशालाच मिळतं. मॅकमिलन प्रकाशनाचं बक्षीस ब्रिटनमधल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचं. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला 1967 पासून दर दोन वर्षांनी मोठं प्रदर्शन भरतं, पण तिथंही छापलेल्या पुस्तकांचीच मूळ चित्रं जातात. जपानची नोमा स्पर्धा म्हणजे आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या चित्रकारांसाठीच काढलेली, 1978 ची. ती 2008 नंतर बंद झाली. मला ती सापडली तेव्हा तिची वेबसाइट फक्त जुन्या विजेत्यांची चित्रं दाखवत होती.

आपल्याकडं पाहिलं तर मराठी बालसाहित्याचे बहुतेक पुरस्कार लेखकाच्या नावानं जातात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून आहे, तोही लेखकाला. टाटा ट्रस्टच्या 'पराग'नं 2016 पासून बिग लिटल बुक अवॉर्ड सुरू केलं, त्यात चित्रकाराला वेगळा पुरस्कार आहे आणि चित्रकारासाठी भाषेची अट नाही. पहिल्या वर्षी लेखनासाठी माधुरी पुरंदरे आणि चित्रांसाठी अतनु रॉय यांना तो मिळाला. पुरंदरेबाई आपल्या पुस्तकांची चित्रंही स्वतः काढतात, म्हणून ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं. पण तो पुरस्कार एकूण कामासाठी असतो. माझं एकूण काम म्हणजे डॉल्फिन.

शेवटी छापील पुस्तकाशिवाय आत सोडणारी दोन दारं उरली. एक दक्षिण कोरियातलं नामी बेटावरचं, 2013 पासून दर दोन वर्षांनी भरणारं. दुसरं इटलीतलं बोलोन्या. बोलोन्याला मुलांच्या पुस्तकांचा मेळा 1964 पासून भरतो आणि चित्रकारांचं प्रदर्शन 1967 पासून. अट इतकीच, की एकाच विषयावरची पाच चित्रं पाठवायची. पुस्तक निघालेलं असो नसो, चालतं. दरवर्षी नवे पंच बसतात. तीन-चार हजार चित्रकार चित्रं पाठवतात आणि त्यातून पाऊणशे-ऐंशी जण निवडले जातात. निवडलेली चित्रं मेळ्यात लागतात, कॅटलॉगमध्ये छापतात आणि पुढं टोकियोच्या इताबाशी संग्रहालयातही जातात. निवडलेल्यांत जे 35 वर्षांच्या आतले असतात, त्यांच्यातून एकाला फुंदासियोन एसएम या स्पॅनिश संस्थेचा वेगळा पुरस्कार असतो आणि त्यातून त्याचं स्वतःचं पुस्तक निघतं. पूर्वी मूळ चित्रं टपालानं पाठवावी लागत. आता पहिल्या फेरीला ऑनलाइन चालतं, नाहीतर आमच्या पोस्टातून पाच चित्रं इटलीला कशी गेली असती देव जाणे.

मी बोलोन्या धरलं.

पाच चित्रं म्हटल्यावर मला वाटलं, हे तर आपल्या हातचं. रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राच्या पेपराला असेच विषय यायचे: जत्रा, पाणवठा, पोळा. आमच्या ड्रॉइंगच्या सरांची शिकवण अशी होती की स्मरणचित्रात रिकामी जागा दिसली की मार्क गेले. म्हणून पोळ्याच्या चित्रात आम्ही तोरण, बैल, पाटील, फुगेवाला, देऊळ, मागं डोंगर, डोंगरावर सूर्य, सगळं कोंबायचो. तशीच मी तान्ह्या पोळ्याची पाच चित्रं काढली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. सुतारानं केलेले, चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून पोरं घरोघर नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे, बिस्किटं, चॉकलेटं, ज्याला जे जमेल ते.

माझी गोष्ट अशी: सोनी नावाच्या पोरीला नंदी मिळत नाही, कारण घरचा एकुलता नंदी तिच्या भावाच्या नावाचा. ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा बैल बांधते आणि जुन्या स्लीपरच्या तळव्यातून चार चाकं कापते. मिरवणुकीत एक चाक निघून पडतं. बोजारा म्हणून मिळालेलं गोल बिस्किट ती चाकाच्या जागी खोचते.

चित्रं झाल्यावर ती मी शाळेच्या व्हरांड्यात पोरांसमोर उलटसुलट टाकली आणि म्हटलं, लावा बरं ओळीनं. हा उद्योग मी कुठं वाचला नव्हता. भिंतीवर काम करताना पोट्टे मागं उभे राहून जे बोलतात, त्यावरून मला अंदाज होता की यांच्याइतकं फटकळ कुणी भेटायचं नाही. चौथीच्या पोरीनं पहिलं आणि तिसरं चित्र अदलाबदल केलं. एकानं पाचवं आधी ठेवलं. मी म्हटलं, असं कसं, इथं चाक पडलेलं आहे ना. तो चित्रावर नाक टेकवून म्हणाला, "कोठी हाय चाक?"

चाक होतं. पण पांढऱ्या स्लीपरचं चाक पांढऱ्या कागदावर, फुगेवाल्याच्या पायाजवळ, पताकांच्या गर्दीत. मला ते ठाऊक होतं म्हणून दिसत होतं. त्या दुपारी त्या पोट्ट्यांकडून जे कळलं ते परीक्षेच्या अगदी उलट होतं. तिथं एका चौकटीत सगळं सांगायचं असतं, इथं एका चित्रानं निम्मंच सांगून पुढच्याची वाट पाहायला लावायचं. पाच चित्रं मागण्यात पंचांचा हेतूच तो असणार असं मला आता वाटतं. एक देखणं चित्र कुणीही काढेल. तीच पोरगी, तोच बैल, तेच अंगण पाच वेळा काढायचं आणि दर वेळी काहीतरी पुढं सरकलेलं दाखवायचं, त्यात माणूस उघडा पडतो. माझ्या पहिल्या चित्रातली सोनी आठ वर्षांची होती आणि चौथ्यात चांगली बारा-तेराची.

मग मी पुन्हा सगळं काढलं. फुगेवाला गेला, देऊळ गेलं, डोंगर आणि सूर्य तर सगळ्यात आधी गेले. पहिल्या चित्रात पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ घेतली. बाप बैलांचे खांदे शेकतोय, हळद आणि लोण्यानं. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायले या' म्हणतात तो क्षण. सोनी मागं कोपऱ्यात पाठमोरी बसून ब्लेडनं स्लीपर कापतेय. बापाचं तिच्याकडं लक्ष नाही, पण बैलाचं आहे. बैलाचा एक डोळा तिच्याकडं वळवला आणि चित्र एकदम जागेवर आलं. दुसऱ्यात पोळा, पण सोनीच्या उंचीवरून: तोरणाखाली नुसते बैलांचे पाय, घुंगरू, आणि चिखलात खुरांचे ठसे. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे लोक चौकटीच्या बाहेर. तिसऱ्यात दाराला पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, लावलेली सकाळ, पोरांचे चकचकीत नंदी रांगेत आणि शेवटी हा काड्यांचा. चौथ्यात मोठी मोकळी गल्ली, तिरका बैल, आणि चाक एकटंच लोळत चाललेलं. पाचव्यात बिस्किटाचं चाक.

पांढऱ्या चाकाचा प्रश्न मी कागद बदलून सोडवला. म्हणजे कागद तोच, पण आधी सगळ्या पाचांवर पिवळ्या मातीच्या रंगाचा पातळ हात दिला. आमच्या सारवलेल्या अंगणाचाच रंग तो. त्यावर पांढरं चाक लांबून उठून दिसायला लागलं. स्लीपरचा तळवा कापला की कडेला निळ्या रबराची बारीक रेघ दिसते, तीही शून्य नंबरच्या ब्रशनं प्रत्येक चाकाला काढली. पाचव्या चित्रात चाकं तीनच निळ्या रेघेची आणि चौथ्याला रेघ नाही, बिस्किटाची नक्षी.

पुन्हा व्हरांडा. या खेपेला पोरांनी चित्रं बरोबर लावली, आणि पाचव्यापाशी थांबून ती चौथीतली पोरगी म्हणाली, "पण ताई, बिस्कुट तं मुंग्या खातीन ना." बाकीचे हसले. मी घरी जाऊन पाचव्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यातून मुंग्यांची एक रांग आत आणली. माझ्या मते सगळ्या संचात तेवढी एकच गोष्ट खरोखर चांगली आहे, आणि ती माझी नाही.

या काळात सल्ले पुष्कळ मिळाले. त्यातला एक इतक्या जणांनी दिला की त्याबद्दल लिहायलाच हवं: "विदेशात पाठवतेस ना, मग आदिवासी टच दे. वारली कर, गोंड कर." त्यांचंही अगदी चूक नव्हतं. चेन्नईच्या तारा बुक्सनं काढलेल्या झाडांवरच्या पुस्तकाला 2008 साली बोलोन्याचा न्यू होरायझन्स पुरस्कार मिळाला. त्यातली चित्रं भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती यांची, तिघंही परधान गोंड. भज्जू श्याम यांना 2018 मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. पण ती त्यांची रेघ आहे, घरच्या भिंतीवरून कागदावर आलेली. माझ्या घरी ती नव्हती. आमच्याजवळ कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, तिथल्या शाळा मी रंगवल्या आहेत, आणि तिथल्या बायांनी भिंतीवर काढलेलं काही उचलून आपल्या नावानं इटलीला पाठवावं असं मला कधी वाटलं नाही. मला येतं ते ट्रॉली-पेंटरचं काम: जाड बाहेररेघ, सपाट रंग, आणि गुलाबी ते पिवळा असा छटा उतरवत नेलेला पट्टा. मी तेच ठेवलं. बैलाच्या शिंगांवर बाबांची ती छटा आहे, आणि ती त्यांनीच मारून दाखवली, कारण माझा हात तिथं अडखळत होता. (नियमात दुसऱ्याची मदत चालते का, हे मी शोधलं. शिंगं शेवटी मी पुन्हा स्वतः काढली.)

स्कॅनिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गावातून कुणी हे करायला निघालं तर खरी अडचण चित्र काढण्यात येत नाही, इथं येते. माझे कागद ए-थ्री आकाराचे. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर ए-फोरचा, त्यावर दुकानदार आधार कार्ड आणि सातबारा स्कॅन करतो. चित्र अर्धं-अर्धं करून स्कॅन केलं आणि क्रिटा नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलं. जोड नेमका बैलाच्या वशिंडावर आला आणि तिथं एक उभी पुसट पट्टी उमटली, जशी काही बैलाला शस्त्रक्रियेची खूण आहे. त्याहून वाईट म्हणजे मी दिलेला मातीचा हात निम्मा गायब झाला. हे स्कॅनर कागदपत्रांसाठी लावलेले असतात, फिकट रंग दिसला की मळका कागद समजून पांढरा करून टाकतात. हळदीचा पिवळा लिंबाच्या रंगाकडं झुकला. दुकानदाराला सेटिंग बदलायला सांगितलं तर त्यानं रांगेकडं बोट दाखवलं.

मोबाइलनं फोटो काढून पाहिले. भर दुपारी व्हरांड्याच्या सावलीत, कागद भिंतीला टेकवून, फोन अगदी समोर धरून काढला तर रंग बरेच खरे येतात, पण कडा किंचित वाकतात. शेवटी नागपूरला जाऊन मोठ्या स्कॅनरवर करून घेतलं, 300 डीपीआयला, आणि 'ऑटो करेक्शन' बंद करायला लावून. तिथल्या पोरानं स्क्रीनवर चित्र पाहून विचारलं, "हे कोणच्या शाळेचं आहे?" मी इटलीच्या म्हटलं.

फॉर्म इंग्रजीत. त्यात अवघड काही नाही: नाव, देश, प्रत्येक चित्राचं शीर्षक, तंत्र. तंत्राच्या रकान्यात 'पोस्टर कलर' लिहिताना उगीच ओशाळल्यासारखं झालं, बाकीचे एचिंग, लिथोग्राफ असलं काही लिहित असतील असं वाटलं. फाइली चढवायच्या वेळी गावात नेट तग धरेना, म्हणून सरांच्या मोटरसायकलवर मागं बसून डांबरी रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत गेले आणि तिथं थांब्याच्या ओट्यावर बसून त्यांच्या हॉटस्पॉटवरून पाचही पाठवली. सर म्हणाले, "झालं? एवढंच?" एवढंच.

निकाल नव्या वर्षात लागतो. यादीत माझं नाव नव्हतं.

वाईट वाटलं, पण निवड झाली असती त्यापेक्षा त्या यादीचाच मला जास्त उपयोग झाला असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकते, कारण मी निवडलेल्या प्रत्येकाचं नाव टाकून त्यांची चित्रं शोधून पाहिली. दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. निवडलेल्यांत हात सफाईदार असलेले फार नव्हते. काहींचं रेखाटन आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी लाल पेननं खोडलं असतं. पण प्रत्येकाची नजर वेगळी होती. माझ्या संचात ती फक्त दुसऱ्या चित्रात आहे, पायांच्या. बाकीची चार चित्रं उभ्या माणसाच्या उंचीवरून पाहिलेली आहेत, भिंतीवर काढायच्या सवयीनं. दुसरी गोष्ट म्हणजे उदास, विचित्र, काळपट विषयही तिथं मुलांसाठी म्हणून चालतात. आपल्याकडं मुलांच्या चित्रात सगळे हसतच असले पाहिजेत असा दंडक आहे, आणि सोनीचा चेहरा जिथं जिथं दिसतो तिथं मी तिला हसरीच काढली होती. भावाला नंदी आणि तिला नाही, तरी हसरी!

बोलोन्याच्या मेळ्यात एक 'इलस्ट्रेटर्स वॉल' असते म्हणतात. ज्यांची निवड झाली नाही असेही शेकडो जण तिथं जाऊन आपली चित्रं, पत्ते, कार्डं भिंतीवर चिकटवतात आणि सायंकाळपर्यंत भिंत भरून वाहते. त्या भिंतीचे फोटो मी खूप वेळ पाहिले. कामाचा बट्ट्याबोळ म्हणावा अशी दाटी असते. पण विमानाचं तिकीट काढून एका भिंतीवर चित्र लावायला जाणं मला परवडणारं नव्हतं, तेवढ्या पैशात इथं एक आख्खी शाळा रंगते.

तीच पाच चित्रं मी मग एका मराठी प्रकाशकाकडं पाठवली. ई-मेलमध्ये गोष्ट चार ओळींत लिहिली आणि खाली लिहिलं की बोलोन्याच्या प्रदर्शनासाठी तयार केलेला संच, निवड झाली नाही. मैत्रीण म्हणाली शेवटचं वाक्य काढ. मी राहू दिलं. संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न मुंग्यांबद्दल विचारला.

पुस्तक करताना पाचाची बत्तीस पानं झाली. बत्तीसच का, तर छपाईचा मोठा कागद घड्या घालून सोळा-सोळा पानांचा फर्मा होतो, त्यामुळे चित्रपुस्तकं बहुधा तेवढ्यातच बसवतात. त्यातून मुखपान, श्रेयनामावली वगैरे वजा जाता जोडपानं बारा-चौदा उरतात. आधी काडेपेटीएवढ्या चौकटींत सगळं पुस्तक पेन्सिलनं मांडायचं, मग डमी, म्हणजे नमुन्याचं पुस्तक, बांधायची. जोडपानाच्या मधोमध शिवण येते, तिथं चेहरा किंवा डोळा आला तर गेला. चहूबाजूंनी तीन मिलिमीटर रंग जास्त सोडायचा, कापताना जातो. भिंतीला असलं काही नसतं, तिथं फार तर खिडकी आडवी येते. सोनीचं हसू मी बऱ्याच पानांवरून काढून टाकलं. शब्दही कमी केले. 'सोनीला खूप वाईट वाटलं' हे वाक्य संपादकबाईंनी खोडलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्या चित्रात आहे की नाही ते मला सांगा. असेल तर वाक्य नको, नसेल तर चित्र बदला." चित्र बदलावं लागलं.

कराराच्या वेळी मी वकिलासारखी वागले, असं घरचे म्हणतात. चित्रकाराला एकरकमी पैसे देऊन मोकळं करायची रीत आहे. इथं गोष्टही माझीच असल्यानं मी रॉयल्टी मागितली आणि ती मिळाली, फार नाही. मूळ चित्रं मला परत मिळणार हे लिहून घेतलं. मुखपृष्ठावर नाव हवं म्हटलं, तर त्यांनी सांगितलं की ते त्यांच्याकडं असतंच. आणि आणखी एक कलम घातलं, ज्याचं त्यांना जरा नवल वाटलं: प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत पुस्तक ठरावीक पुरस्कारांसाठी प्रकाशकानं पाठवायचं. कारण इतके नियम वाचून मला हे पक्कं ठाऊक झालं होतं की पुस्तक निघालं की पुढच्या बहुतेक ठिकाणी अर्ज चित्रकार करत नाही, प्रकाशक करतो. त्याच्या कपाटात प्रती राहिल्या आणि तारीख टळली तर चित्रकाराला कळतसुद्धा नाही. पहिलं पुस्तक एकदाच पहिलं असतं.

संपादकबाई म्हणाल्या, "ठीक आहे, मग यादी तुम्हीच करून द्या." ती आता करतेय. वहीत रकाने पाडलेत: शेवटची तारीख, प्रती किती, वयाची अट, पुस्तक कोणत्या देशात निघालेलं हवं, कोणत्या भाषेतलं. ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओळींवर काट मारून झाली. बोलोन्याच्या मेळ्याचाच छापील पुस्तकांसाठी वेगळा पुरस्कार आहे, बोलोन्यारागात्सी, 1966 पासूनचा. त्यात 'ओपेरा प्रिमा' नावाचा गट पहिल्यांदा पुस्तक करणाऱ्यांसाठी असतो आणि जगातल्या कुठल्याही देशातला प्रकाशक पुस्तक पाठवू शकतो. त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली आहे. सोबत गोष्टीचा इंग्रजी अनुवाद टाइप करून द्यावा असं मी ठरवलंय. तो सर करणार आहेत, फक्त 'बोजारा'पाशी ते अडून बसलेत.